आधी फेरी, मग सूत्र

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या दोन तालुक्यांतून फिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडनेट दिसू लागतात. इथले शेतकरी बियाणे कंपन्यांसाठी भाजीपाल्याचं संकरित बी तयार करतात, आणि ते काम जाळीखालीच चालतं. साधारण दहा गुंठ्यांचं शेडनेट धरा, 36 मीटर लांब आणि 28 मीटर रुंद. डोक्यावरची जाळी किती लागेल, हा एक प्रश्न. चारही बाजूंनी खाली सोडायची जाळी किती लांब लागेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 1008 चौरस मीटर, दुसऱ्याचं 128 मीटर. शेडनेट उभारणारा माणूस या दोन आकड्यांत गफलत करत नाही. केली तर जाळी कमी पडते आणि भुर्दंड त्यालाच बसतो. त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत बसलेली त्याची पोरगी मात्र वहीत आयत काढून गुणायचं की मिळवायचं, या विचारात पेन्सिल चावत असते.

तिची हुशारी कमी पडते असं नाही. वहीतल्या आयताला वर 8 सेमी लिहिलेलं असतं, बाजूला 5 सेमी, आणि उरलेल्या दोन बाजू कोऱ्या. मूल जे दिसतं ते घेतं. दोनच आकडे दिसतात, म्हणून त्यांची बेरीज करतं आणि 13 लिहून मोकळं होतं. काही मुलं गुणाकार करून 40 काढतात. मग फळ्यावर सूत्र येतं, 'दोन कंसात लांबी अधिक रुंदी'. ते तालात पाठ होतं, घटक चाचणीत गुणही मिळतात. पण कोऱ्या राहिलेल्या त्या दोन कडा मुलाच्या डोक्यात कोऱ्याच राहतात, कारण त्या कडांवरून त्याचा हात कधी फिरलेला नसतो.

लांबी मोजणं ही वाटते तेवढी सोपी गोष्टही नव्हे. 'प्रथम' संस्थेचा 2023 सालचा 'असर' अहवाल 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींवर होता. मोजपट्टीवर वस्तू शून्यापाशी ठेवलेली असेल तेव्हा जवळपास 85 टक्के मुलांनी तिची लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून सरकवून ठेवली, तर बरोबर उत्तर देणारे 39 टक्क्यांवर आले. यात नववी-दहावी झालेली, कॉलेजात गेलेली मुलंही होती. पट्टीवर शेवटी दिसतो तो आकडा म्हणजे लांबी, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं होतं. लांबी म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, हे सुटलं होतं. पाया इथे कच्चा असेल तर परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ हे वरचे मजले किती टिकतील?

गवंड्याकडे याचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. टेपचं टोक तुटलेलं, कडी निघालेली, ही बांधकामावरची रोजची गोष्ट. तो टेप दहावर धरतो, मोजतो आणि शेवटी दहा वजा करतो. पाचवीच्या वर्गात मुद्दाम टोक तुटलेली टेप द्यावी, असं म्हटलं तर शिक्षक दचकतील. पण परिमितीचा पहिला तास त्या तुटक्या टेपवरच रंगतो. एक गट खोलीची लांबी 6 मीटर 20 सेंमी सांगतो, दुसरा 6 मीटर 10 सेंमी. कोण चुकलं? टेप पुन्हा लावायची, टोक कुठे धरलं ते बघायचं. दहा सेंटिमीटर कुठे गेले ते मुलांनी स्वतः शोधून काढलं, की ती चूक पुन्हा सहसा होत नाही.

त्याच्याही आधीची पायरी टेपविना आहे. वर्गाची लांबी पावलांनी मोजायला सांगावी. दुसरीतल्या मुलाची पावलं जास्त भरतात, गुरुजींची कमी. खोली तीच, आकडे वेगळे. प्रमाणित माप का हवं, हे समजावण्यासाठी याहून जास्त भाषण लागत नाही. आपल्याकडे मापं शरीरावरूनच आली. 1150 साली भास्कराचार्यांनी रचलेल्या 'लीलावती'त सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत. 24 अंगुळांचा एक हात, दहा हातांचा एक वंश. जमिनीचं 'निवर्तन' हे माप तिथे सांगितलंय ते असं: चार भुजांनी बांधलेलं शेत, प्रत्येक भुजा वीस वंशांची. म्हणजे एक बाजू 200 हात आणि चारी बाजूंनी फिरून यायचं तर 800 हात. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. जमीन मोजण्याचं गणित या मुलुखाला परकं नाही.

आता टेप घेऊन खोली मोजायची. चार मुलं चार कोपऱ्यांत उभी, दोघं टेप धरणारे, एक वाचणारा, एक लिहिणारा. चारही भिंती मोजायच्या. 'समोरासमोरच्या भिंती सारख्याच असतात, दोनच मोजा' असं शिक्षकांनी आधी सांगितलं की खेळ संपला. मुलांना चारही मोजू द्याव्यात. जुन्या शाळाखोलीत गंमत अशी होते की समोरच्या भिंती सारख्या निघत नाहीत. एक 6 मीटर 10 सेंमी, तर समोरची 6 मीटर 13. टेप ढिली होती का? भिंतीला गिलाव्याचं पोट आलंय का? की खोलीच जराशी तिरकी आहे? ते तपासायला गवंड्याचाच मार्ग आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत टेप धरायची. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे आले तर खोली काटकोनात, नाही तर नाही. पुस्तकातला आयत सदैव नेमका असतो, खरी खोली नसते. मापात थोडी तफावत राहणारच, हे दहाव्या वर्षी कळलं तर बारावीच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडतं.

दोन-तीन खोल्या, एक फळा, एक टेबल मोजून झालं की कुणीतरी कंटाळून विचारतंच, 'मॅडम, समोरची बाजू पुन्हा कशाला मोजायची? तेवढीच येते.' सूत्र फळ्यावर लिहायची वेळ हीच. मुलांना श्रम वाचवायचे आहेत आणि सूत्र म्हणजे श्रम वाचवायची युक्ती आहे. आधी लिहिलं तर तो हुकूम वाटतो.

मैदानावर गेलं की विषयाला धार येते. कबड्डीचं पुरुषांचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. सीमारेषांची फेरी अनुक्रमे 46 आणि 40 मीटर. फक्की किती लागेल, असं विचारलं की मुलं लगेच 46 म्हणतात. मग आखणीला बसवायचं. मध्यरेषा ओढली, दोन्हीकडच्या निदानरेषा ओढल्या, बोनस रेषा, राखीव क्षेत्राच्या रेषा, आणि फक्कीचं घमेलं अर्ध्यातच रिकामं. परिमिती ही फक्त बाहेरच्या कडेची; आतल्या रेषा तिच्यात येत नाहीत. हे वाक्य पुस्तकातही असतं, पण रिकाम्या घमेल्याशेजारी ते अधिक पटतं.

दुसरा सापळा खांबांचा. शाळेच्या परसबागेला कुंपण घालायचंय, 12 मीटर बाय 9 मीटर, दर तीन मीटरवर एक खांब. मुलं बाजूबाजूने मोजतात: 12 मीटरच्या बाजूला पाच खांब, 9 मीटरच्या बाजूला चार, म्हणजे पाच, पाच, चार, चार मिळून 18. काठ्या रोवायला घेतल्या की चार काठ्या हातात उरतात. कोपऱ्यातला खांब दोन्ही बाजूंचा धरला गेला होता. पूर्ण फेरी 42 मीटर, तीनाने भागले तर 14. कागदावर हे उदाहरण सोडवताना मोठेही चुकतात. काठी हातात उरली की चूक दिसते.

सगळ्यात जास्त वाद होतो तो एल आकाराच्या इमारतीवर. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा अशाच बांधलेल्या असतात. प्रश्न असा: 8 मीटर बाय 6 मीटरच्या आयताच्या एका कोपऱ्यातून 2 मीटर बाय 2 मीटरचा चौकोन कापून टाकला, तर फेरी किती कमी होईल? चार मीटर, दोन मीटर, अशी उत्तरं येतात. मैदानावर फक्कीने आखून, चालून, टेप लावून बघायचं. फेरी आधी 28 मीटर होती, कोपरा कापल्यावरही 28 मीटरच राहते. बाहेरून गेलेल्या दोन कडा आतून परत आलेल्या असतात. जागा मात्र चार चौरस मीटरने घटली. काही मुलं दोनदा चालून बघतात, तरी त्यांचा विश्वास बसत नाही. बसू नये. तिसऱ्यांदा चालू द्यावं.

जागा आणि फेरी वेगवेगळ्या चालतात, ही गोष्ट मोठ्यांनाही सहज उमगत नाही. लिपिंग मा या संशोधिकेचं 1999 सालचं पुस्तक गणित शिक्षणात गाजलं. तिने अमेरिकेतल्या 23 आणि चीनमधल्या 72 प्राथमिक शिक्षकांपुढे एक प्रसंग ठेवला होता. एक विद्यार्थिनी येऊन सांगते की आकृतीची परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं. तुम्ही तिला काय सांगाल? अमेरिकन शिक्षकांपैकी फारच थोड्यांनी स्वतः उदाहरणं घेऊन दावा तपासला. चिनी शिक्षकांपैकी बहुसंख्यांनी कागद-पेन्सिल घेऊन तो पडताळून पाहिला, आणि दावा चुकीचा ठरवणारी उदाहरणं शोधली. फरक शिक्षकांच्या बुद्धीत नव्हता, तपासून बघण्याच्या सवयीत होता.

तपासायला 24 मीटर सुतळीची दोरी पुरते. नायलॉनची नको, ती ताणली जाते आणि मापं बिघडतात. दोरीची दोन्ही टोकं बांधायची, चार मुलांनी चार कोपरे धरायचे. आधी 11 मीटर बाय 1 मीटर असा लांबट आयत. आत जागा किती? 11 चौरस मीटर. मुलं एका रांगेतच उभी राहू शकतात. मग 10 बाय 2 केला की 20. 8 बाय 4 केला की 32. शेवटी 6 बाय 6 चौरस, जागा 36. दोरी तीच, फेरी तीच, आत मावणारी पोरं तिपटीहून जास्त.

बुलढाण्यातल्या शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न शाळेबाहेरही उभा असतो. रोही आणि रानडुकरांनी वावरं उद्ध्वस्त होतात, म्हणून तार कंपाउंडची चर्चा घरोघरी चालते. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. वावर चौरस असेल तर एक बाजू सुमारे 209 फूट आणि पूर्ण फेरी 835 फुटांच्या आसपास. तेच एक एकर वाटणीत 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब पट्ट्याच्या रूपात वाट्याला आलं, तर फेरी 1452 फूट. चार पदरी तार ओढायची म्हटलं तर चौरस वावराला 3340 फूट लागेल, पट्ट्याला 5808. म्हणजे त्याच एकरासाठी साडेसातशे मीटर तार जास्त. सातबाऱ्यावर दोघांचंही क्षेत्र सारखंच दिसतं, धुरा मात्र सारखा नसतो. शिवाय तार दुकानात मिळते किलोवर आणि ओढायची असते फुटांवर, त्यामुळे हिशोबात आणखी एक गाठ पडते. वाटण्या लांबीने पडत गेल्या की दोन भावांना मिळून आधीपेक्षा जास्त धुरा सांभाळावा लागतो. धुऱ्यावरची भांडणं का संपत नाहीत, याचं एक कारण भूमितीतही आहे.

66 आणि 660 हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत. इंग्रजी अमलात वऱ्हाडची जमीन मुंबई पद्धतीने मोजली गेली, तेव्हा मोजणीची साखळी 33 फुटांची होती. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एकर. ती साखळी गेली, मोजणीला आता उपग्रहाच्या आधाराने चालणारी यंत्रं येतात, पण गुंठा राहिला. शाळेच्या पटांगणावर 33 फुटांची दोरी घेऊन एक गुंठा आखला, तर ज्या शब्दावर घरी रोज बोलणं होतं तो डोळ्यांना दिसतो. आपल्या गावात गुंठा किती मोठा असतो हे हात पसरून सांगणारी मुलं पुष्कळ. फक्कीत उभी राहून पाहिलेली थोडी.

शेततळ्याचंही तसंच. 'मागेल त्याला शेततळे' योजना 2016 साली आली. तिच्यात सगळ्यात मोठं तळं 30 मीटर बाय 30 मीटर, सगळ्यात लहान 15 बाय 15, खोली दोन्हींची तीन मीटर. मोठ्या तळ्याच्या काठाची फेरी 120 मीटर, लहानाची 60. फेरी दुप्पट झाली, पण पृष्ठभाग 225 वरून 900 चौरस मीटरवर, म्हणजे चौपट. हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. प्लास्टिक अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात घसरून पडलेल्या माणसाला वर येता येत नाही, आणि दरवर्षी मुलं त्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. तळ्याभोवती जाळी लागतेच. ती किती लागेल याचा हिशोब ज्या मुलांना करता येतो, त्यांना तळ्यापाशी का जायचं नाही हेही त्याच तासात सांगता येतं. मोजणी अर्थातच शाळेच्या मैदानावर आखलेल्या तळ्याची करायची, खऱ्या तळ्याची नाही.

हाताने करून शिकण्याचा विचार विदर्भाला नवा नाही. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. गणित, भूगोल, भाषा हे सगळं हस्तोद्योगाशी जोडून शिकवायचं, अशी त्यात योजना होती. ती योजना देशभर रुजली नाही, त्याची कारणं वेगळी. पण वावर, विहीर, बागेचा वाफा यांवरून मापन शिकवण्याची तिची दृष्टी आजही कामाची आहे.

अडचणी खऱ्या आहेत. वर्गात चाळीस मुलं आणि टेप एक. पाठ्यक्रम पुढे पळतो, निरनिराळी ऑनलाइन माहिती भरण्यात शिक्षकाचा अर्धा दिवस जातो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला अशाही शाळा आहेत, जिथे एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. गंमत म्हणजे मोजणीचा तास अशा मिश्र वर्गातच जास्त जमतो. पहिली-दुसरीची मुलं पावलं मोजतात, तिसरी-चौथीची टेप वाचतात आणि लिहितात, पाचवीची बेरीज करून तफावत शोधतात. टेप कमी असेल तर सायकलचं चाक आहे. चाकाला एक चिंधी बांधायची, चाकाचा एक फेरा किती सेंटिमीटरचा ते एकदा टेपने मोजून घ्यायचं, मग पटांगणाच्या कडेने सायकल ढकलत चिंधी किती वेळा खाली आली ते मोजायचं. 2024 पासून राज्यातल्या शाळांमध्ये 'आनंददायी शनिवार' आहे. त्यातला एखादा शनिवार या कामाला सहज देता येतो.

एक धोका मात्र सांगायला हवा. मोजणीचा उपक्रमही पोकळ होऊ शकतो. टेप धरलेल्या दोन मुलांचा फोटो निघतो, केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, अंगठे येतात आणि बाकीची अडतीस मुलं कडेला उभीच राहतात. किंवा शिक्षकांनी आधीच ठरवलेलं उत्तर येईपर्यंत मुलांकडून मापं 'दुरुस्त' करून घेतली जातात. हातात साहित्य असणं आणि डोक्यात विचार चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी कसोटी अशी: मोजण्याआधी प्रत्येक मुलाने अंदाज लिहिला होता का, आणि मोजल्यावर अंदाज का चुकला यावर बोलणं झालं का? ही दोन्ही नसतील तर टेप नुसती शोभेची.

सहलीलाही हे जोडता येतं. सिंदखेड राजाला राजवाडा बघायला गेलेली मुलं वास्तूच्या चौथऱ्याभोवती पावलं मोजत एक फेरी मारू शकतात. जपलेल्या वास्तूला टेप लावायची गरज नाही, पावलं पुरतात. लोणारला गेलं तर प्रश्न पालटतो. तिथल्या विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर. तिथे कोपरेच नाहीत, लांबी-रुंदी नाही, मग फेरी काढायची कशी? साडेपाच किलोमीटरहून जास्त भरेल एवढं पाचवीत सांगून सोडून द्यावं. 'का' याचं उत्तर वरच्या वर्गात मिळेल. तोवर प्रश्न डोक्यात असलेला बरा.

तीस मीटरची फायबर टेप काही शे रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर कुणी असाल, तर पुढच्या बैठकीत अशा चार टेपांचा विषय काढा. आणि घरी तार किंवा जाळी आणायची असेल, तर दुकानात जाण्याआधी चौथी-पाचवीतल्या मुलाला धुऱ्यावर न्या, टेपचं एक टोक त्याच्या हातात द्या आणि आकडा त्यालाच लिहू द्या.